इंटरप्रिटर-स्थाननिश्चिती

मूळ लेखनापासून चालण्याजोगी आज्ञावली बांधण्याचे काम पुष्कळदा पायथन, पर्ल यांसारख्या भाषेतील लहानशा स्क्रिप्टवर सोपविलेले असते. स्क्रिप्ट स्वतः चालू शकत नाही. तिचे आदेश अमलात आणणारा इंटरप्रिटर यंत्रात कोठे आहे, हे आधी ठरवावे लागते. मुक्त आज्ञावली मूळ लेखनासह वाटल्या जातात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील वालचंद लिनक्स यूझर्स ग्रुपसारखे विद्यार्थिगट त्यांचा प्रसार करतात. त्या बांधू पाहणारा नवखा अनेकदा या पहिल्याच पायरीवर अडतो.

बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे बांधणीचे साधन तयार केले. त्या काळी युनिक्स प्रणालीत स्क्रिप्ट चालविणे हे शेलचे काम होते. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची यांनी ते कर्नेलकडे दिले : फाइलीच्या आरंभी ‘#!’ ही चिन्हे व त्यांपुढे इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ता असल्यास कर्नेल त्यालाच पाचारण करते. योजना सुटसुटीत खरी. परंतु पत्ता लिहिणाऱ्याच्या यंत्रावरचा असे, चालविणाऱ्याच्या नव्हे. इंटरप्रिटर अन्यत्र असला की ‘फाइल नाही’ असा संदेश येई आणि वाचणारा तो डोळ्यांसमोरच्या स्क्रिप्टलाच लावी.

सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधील (१९७९) बोर्न शेल आज्ञांचा शोध ‘पाथ’ या यादीतील निर्देशिकांत घेत असे. पुढे ‘#!’ नंतर ‘एन्व्ह’ या आज्ञेचा पत्ता देऊन तिच्याकरवी याच यादीत इंटरप्रिटर शोधण्याची रीत रूढ झाली. मात्र प्रथम सापडेल तो योग्यच असेल, याची हमी राहिली नाही. डेव्हिड मॅकेन्झी यांच्या ‘ऑटोकॉन्फ’ने (१९९१) बांधणीपूर्वीच यंत्राची तपासणी करण्याची पद्धत दिली. ती अधिक भरवशाची, कारण उणीव आरंभीच कळते.

पायथनच्या बाबतीत नावाचाच घोळ झाला. डिसेंबर २००८ मधील तिसरी आवृत्ती दुसरीशी सुसंगत नव्हती. आर्च लिनक्सने २०१० मध्ये ‘पायथन’ हे नाव तिसरीस दिले, तर अन्यत्र ते बहुधा दुसरीकडेच राहिले. १ जानेवारी २०२० रोजी दुसरीचा पाठिंबा संपला. त्याच वर्षीच्या उबुंटू २०.०४ मध्ये मुळात ‘पायथन३’ एवढीच आज्ञा होती. परिणामी यंत्रात पायथन असूनही जुन्या स्क्रिप्टांना तो सापडेना.

विंडोजचे कर्नेल ‘#!’ जाणत नाही. तेथे २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर ‘पाय’ हा चालक आला. तो स्क्रिप्टची पहिली ओळ स्वतः वाचतो आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदलेल्या पायथन आवृत्त्यांतून हवी ती निवडतो.