कर्णावर्त रोपण : संनियंत्रण व यंत्रमानव-साहाय्य
आतील कानातील शंखाकृती कर्णावर्तात विद्युत् अग्रांची माळ बसवून श्रवण तंत्रिकेस (ऐकण्याच्या मज्जातंतूस) थेट विद्युत् चेतना देणे, यास कर्णावर्त रोपण म्हणतात. ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ हे त्याचे रूढ नाव. विद्युत् चेतनेने श्रवणसंवेदना जागविण्याचा रोपणप्रयोग जूर्नो व एरिएस यांनी पॅरिस येथे १९५७ मध्ये केला. ग्रीम क्लार्क यांनी मेलबर्न येथे १९७८ मध्ये बहुमार्गी रोपण केले. भारतात या शस्त्रक्रियेच्या प्रसारात मुंबईतील मिलिंद कीर्तने (पद्मश्री, २०१४) व सँड्रा देसा सूझा (पद्मश्री, २०२०) यांचा मोठा वाटा आहे.

माळ हाताने सरकविताना दाब वाढल्यास आतील नाजूक पटले फाटण्याचा व रुग्णाचे शिल्लक श्रवण नष्ट होण्याचा संभव असतो. यास्तव दोन उपाय पुढे आले. पहिला संनियंत्रणाचा : माळ आत जात असतानाच कर्णावर्ताचे विद्युत् प्रतिसाद नोंदले जातात, ते एकाएकी क्षीण झाल्यास शस्त्रवैद्य थांबतो किंवा माळ किंचित मागे घेतो. दुसरा यंत्रमानवाचा : आनन तंत्रिकेस (चेहऱ्याच्या मज्जातंतूस) धक्का न लावता अस्थीत अरुंद बोगदा पाडण्याच्या बर्न येथील शस्त्रक्रियेचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माळ अतिमंद, एकसमान वेगाने सरकविणारी साधनेही निघाली आहेत. निर्णय मात्र शस्त्रवैद्याचाच असतो.

जन्मबधिर बालकात भाषाग्रहणाची क्षमता पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. म्हणून घुग्घुससारख्या, महानगरांपासून दूरच्या खाणगावात नवजाताची श्रवणचाचणी वेळीच न झाल्यास अचूकातील अचूक यंत्रही गेलेला काळ भरून काढू शकत नाही.