टेम्सकांठचे कांहीं जुने रहिवासी

लंडनच्या नैर्ऋत्येस टेम्स नदीच्या कांठीं ट्विकनहॅम हें उपनगर वसलें आहे. वाचकांस तें फार दूरचें वाटेल. परंतु तेथील जुन्या रहिवाशांत आपल्या ओळखीचेही कोणी निघतात, म्हणून त्यांच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांत पहिला मान कवि अलेक्झांडर पोप याचा. १६८८ सालीं तो कॅथलिक आईबापांच्या पोटीं जन्मला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिकांस विद्यापीठाचें दार बंद होतें, सरकारी अधिकाराच्या जागा मिळत नसत, आणि लंडनपासून दहा मैलांच्या आंत राहण्यासही कायद्यानें मनाई होती. हाडांच्या क्षयानें पोपची पाठ वांकलेली. उंची जेमतेम साडेचार फूट. होमरच्या 'इलियड'च्या भाषांतरानें हातीं पैसा आला, तेव्हां १७१९ सालीं विधवा आईसह तो ट्विकनहॅम येथें येऊन राहिला. घर व बाग यांच्यामधून रस्ता जात असे. त्यानें रस्त्याखालून भुयार खणविलें आणि त्याच्या भिंती शिंपल्यांनीं व चमकत्या दगडांनीं मढविल्या. घर १८०८ सालीं पाडलें गेलें, भुयार मात्र अद्याप आहे.

१७१७ सालीं बाप वारल्यावर अँग्लिकन बिशप ॲटरबरी यांनीं त्यास धर्म बदलण्याविषयीं सुचविलें होतें. तसें केलें असतें तर बंद दारें उघडलीं असतीं. आईला दुःख होईल हें एक कारण देऊन पोपनें नकार दिला. तो मोठा धर्मनिष्ठ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या काव्यांत भक्ति शोधणारा बहुधा निराशच होईल. तरी सोईसाठीं त्यानें धर्म सोडला नाहीं, आणि १७४४ सालीं मरतेसमयीं कॅथलिक धर्मगुरूच्या हातून अंतकाळचे साक्रामेंत घेतले.

फ्रान्सचा पुढें राजा झालेला लुई फिलिप हाही कांहीं काळ येथें राहून गेला. पण आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो पोर्तुगालचा शेवटचा राजा दुसरा मॅन्युएल. ज्या गादीची सत्ता १७३९ पर्यंत वसईवर चालली, ती १९१० च्या क्रांतींत गेली. त्यापूर्वीं १९०८ सालीं बाप व भाऊ गोळ्यांस बळी पडलेले. ट्विकनहॅमच्या फुलवेल पार्कांत जुने पोर्तुगीज ग्रंथ जमवीत त्यानें दिवस काढले, व १९३२ सालीं तेथेंच देह ठेविला.

जमशेटजी टाटा यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनीं १९०६ सालीं येथील यॉर्क हाऊस विकत घेतलें. नदीकांठच्या त्या बागेंतील संगमरवरी जलपऱ्या मुंबईच्या या पारशी गृहस्थाच्याच हौसेनें तेथें आल्या.