लेकरू सहा महिन्यांचं झालं? वरणाचं पाणी नको, घट्ट घास द्या

सौंदड (ता. सडक अर्जुनी) : रोवणी लागली की आपल्याकडच्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. सहा-सात महिन्यांचं लेकरू घरी आजीजवळ असतं. ते रडलं की वरणाचं पाणी, पेजेची निवळ, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्कीट. पोट भरतं, लेकरू झोपतं, पण अंगाला काही लागत नाही. आमच्याही घरी पहिल्या लेकराच्या वेळी हेच झालं. वजन वाढेना तेव्हा अंगणवाडीताईंनी वाटीतलं पाणी दाखवून समजावलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार फक्त ११ टक्क्यांना मिळतो. धानाची कोठी भरलेल्या घरातही लेकरू अशक्त राहू शकतं. म्हणून काय, कधी आणि किती द्यायचं, ते इथे सांगतो.

सुरुवात कधी?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण १८० दिवसांनी. "सहावा लागला" म्हणजे सहा पूर्ण झाले असं नाही. तोवर फक्त आईचं दूध. पाणी, घुटी, मध काहीच नको.

उष्टावणाच्या रीतीत मुलाला सम महिना आणि मुलीला विषम महिना धरतात. त्यामुळे कुठे मुलीला पाचव्यातच भात चारतात, तर कुठे मुलाचं मुहूर्तासाठी आठव्यापर्यंत थांबतं. दोन्ही बरोबर नाही. मामा येईल तेव्हा कार्यक्रम करा, हौस करा. पण रोजचा घास सहा महिने पूर्ण होताच सुरू करा. मुलगा असो की मुलगी, नियम एकच.

घट्टच का?

या वयात लेकराचं पोट एखाद्या मोठ्या वाटीएवढं असतं. ते पाण्याने भरलं तर अन्नाला जागा उरत नाही. वरणाच्या पाण्यात डाळ नसते, डाळ खाली भांड्यात राहते.

ओळखायची खूण सोपी आहे. चमचा थोडा तिरपा करा. घास चमच्यावरून धावत खाली आला तर पातळ आहे, चमच्यावर टिकला तर बरोबर. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवू नका, हाताने किंवा चमच्याने कुस्करा. वरून छोटा चमचा तूप किंवा गोडेतेल टाका. थोड्या घासात जास्त ताकद मिळते.

किती आणि कितीदा?

- ६ ते ८ महिने : सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग वाढवत अर्धी वाटी. दिवसातून २ ते ३ वेळा.
- ९ ते ११ महिने : अर्धी वाटी, ३ ते ४ वेळा. मधे एखादं फळ. बोटांनी उचलता येईल असं मऊ खाणं द्या.
- १ ते २ वर्षं : पाऊण ते एक वाटी, ३ ते ४ वेळा. मधे एक-दोनदा खाऊ. घरचं सगळं, तिखट सोडून.

इथे वाटी म्हणजे पाव लिटरची मोठी वाटी धरा. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा.

घरातलंच काय द्यायचं?

- मऊ भात आणि मूग, मसूर किंवा तुरीचं घट्ट वरण. धुऱ्यावरची तूर याच कामाची.
- कोहळं, गाजर, पालक, माठ, शेवग्याचा पाला शिजवून, कुस्करून.
- पिकलेली पपई, केळ, आंबा.
- पूर्ण उकडलेलं अंडं. खाणाऱ्या घरात तलावातली मासोळी, काटा नीट काढून.

जन्मापासून अंगात साठलेलं लोह सहा महिन्यांच्या आसपास संपत येतं. म्हणून डाळ, पालेभाजी, अंडं, मासोळी लवकर सुरू करा. वरणात थोडं लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. नवा पदार्थ एकेक करून द्या, दोन-तीन दिवस पाहा. लेकराने थुंकला म्हणजे आवडत नाही असं नाही. पुन्हा पुन्हा द्या, जबरदस्ती करू नका.

काय देऊ नये?

- वर्षभर मध नाही. मीठ-साखर टाकू नका. चहा-बिस्कीट तर नाहीच.
- वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी गाईचं-म्हशीचं दूध नको. बाटली नको, वाटी-चमचा वापरा.
- अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं नकोत. घशात अडकतात.
- लाखोळी डाळ लेकराच्या रोजच्या वरणात नको. ती बरेच महिने जास्त खाण्यात आली तर पाय लुळे पडू शकतात. मूग, मसूर, तूर असताना तिची गरज नाही.

रोवणीच्या दिवसांत काय करायचं?

तीन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ वेगवेगळी भाजा, एकत्र दळा आणि कोरड्या डब्यात भरा. आई बांधीवर गेली तरी आजीला पाच-दहा मिनिटांत घट्ट लापशी शिजवता येते. पावसाळ्यात शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आधी हात साबणाने धुवा. आईने निघताना आणि आल्याबरोबर अंगावर पाजावं. लेकराची वाटी वेगळी ठेवा, किती खाल्लं ते कळतं.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो. त्यातून लेकराला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तो पुडा सगळ्या घरात वाटला किंवा जनावरापुढे गेला तर लेकराच्या वाट्याला काहीच उरत नाही. त्याच्या नावाचा डबा वेगळा करा. आणि हा आहार घरच्या जेवणाशिवाय वरचा आहे, त्याऐवजी नाही.

तपासणी चुकवू नका

- दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा.
- दंडाचा घेर मोजून घ्या. पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल दाखवते. लाल असेल तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा. ११.५ ते १२.५ पिवळी, म्हणजे आहाराकडे लक्ष द्या.
- आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येतात. सहाव्या महिन्याच्या भेटीत वरच्या आहाराबद्दल विचारा.
- लोहाचं सिरप सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत जीवनसत्त्व 'अ'चा डोस.
- जुलाब लागले तरी खाणं आणि अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएस द्या, झिंकची गोळी आशाताईंकडून घ्या आणि १४ दिवस पूर्ण करा. लेकरू सुस्त पडलं, दूध ओढेना, डोळे खोल गेले तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

रोवणी दरवर्षी येईल. पण लेकराची पहिली दोन वर्षं एकदाच येतात. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे भरून काढणं कठीण असतं. घरात आजी लेकरू सांभाळत असेल तर ही माहिती तिला मोठ्याने वाचून दाखवा.