दर्शनी कपाटामागील उद्योग

व्यापार हा जैन समाजाच्या उपजीविकेचा परंपरागत मार्ग होय. प्रभादेवी, परळ, लालबाग या गिरणगावातील दुकानांतूनही ही परंपरा नांदली. गिऱ्हाईक दुकानात आले की प्रथम त्याच्या दृष्टीस पडते ती मालाची मांडणी. तथापि ज्या काउंटरवर, फळ्यांवर व काचेच्या कपाटांत हा माल मांडला जातो, ती कपाटे घडविण्यास लागणारे साहित्य पुरविणाऱ्या कौटुंबिक उद्योगांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. त्यातील एका मोठ्या उद्योगाचा आरंभ प्रभादेवीपासून फार दूर नसलेल्या सात रस्ता, म्हणजेच जेकब सर्कल येथे झाला.

बळवंतराय पारेख यांचा जन्म १९२५ साली सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांनी भाग घेतला. पुढे कायद्याची पदवी मिळविली, परंतु वकिली केली नाही. मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कार्यालयात त्यांनी शिपायाची नोकरी केली व त्याच्याच वखारीत पत्नीसह संसार थाटला. सुतारकामाचे जग त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९५४ साली बंधू सुशील यांच्यासमवेत त्यांनी जेकब सर्कल येथे 'पारेख डायकेम इंडस्ट्रीज' सुरू केली. कापड छपाईस लागणारी रंगद्रव्ये हे तिचे आरंभीचे उत्पादन होते.

त्या काळी सुतार लाकूड जोडण्यासाठी सरस वापरीत. जनावरांची कातडी व हाडे उकळून तो तयार होई. तो भिजवावा लागे, चुलीवर तापवावा लागे आणि गरम असतानाच लावावा लागे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, गणला आहे. असे असता श्रावकाच्या दुकानातील कपाटही सरसानेच जोडलेले असे! १९५९ साली पारेख बंधूंनी 'फेव्हिकॉल' हा पांढरा कृत्रिम डिंक बाजारात आणला. तो तापवावा लागत नसे. सोयीसाठी स्वीकारलेल्या या डिंकामुळे प्राणिजन्य सरसही हळूहळू मागे पडला.

या यशामागे व्यापारी दृष्टी होती. केवळ दुकानांवर विसंबून न राहता हा डिंक थेट सुतारांपर्यंत नेण्यात आला. कपाटाचे पैसे दुकानदार देतो, पण डिंक निवडतो तो सुतार, हे मर्म पारेखांनी ओळखले होते. १९६९ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे 'पिडिलाइट' या नावाने देशभर पोहोचली. २०१३ साली पारेख निवर्तले.

दरम्यान गिरणगावाचे रूप पालटले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. लाकडी कपाटांच्या जोडीला धातूचे रॅक व ॲक्रिलिकचे स्टँड आले. साहित्य बदलले, तरी ते निवडणारा कारागीर आजही महत्त्वाचा आहे. या व्यवसायात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुणांनी भांडवलाआधी त्या कारागिराचा विश्वास मिळवावा, हाच या इतिहासाचा बोध होय.