उंदराच्या कुळातला विंचू

अबार्थ पुंटोच्या नाकावर विंचू आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये ही फियाट पुण्याजवळच्या रांजणगावहून बाजारात आली. इंजिन १३६८ सीसीचं, टर्बो; ताकद १४५ अश्वशक्ती. शून्यापासून शंभराचा वेग ८.८ सेकंदांत. साध्या पुंटोकडे ग्राहक फिरकत नव्हते, कारण मायलेज बेताचं आणि सर्व्हिसची धास्ती. 

अबार्थचं कूळ सगळे इटलीत नेऊन थांबवतात. कार्ल अबार्थ १९०८च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मले. रास वृश्चिक, म्हणून विंचू. १९४९मध्ये इटलीत कंपनी काढली आणि १९७१मध्ये ती फियाटने घेतली. इथवर सर्वांना ठाऊक आहे. मी अडखळलो ते कंपनीच्या पहिल्यावहिल्या मालापाशी. तो माल म्हणजे गिअर बदलायचा दांडा, आणि तो बनवला होता फियाट ५००साठी, म्हणजेच ‘टोपोलिनो’साठी.

आता मुंबईतल्या कुर्ल्याला या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इथे १९४७पासून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. १९५१मध्ये फियाटशी सोयरीक झाली, आणि इथली पहिली फियाट होती हीच ५००! अबार्थांची पहिली कमाई आणि कुर्ल्याची पहिली फियाट एकाच गाडीवर, तीही दोन वर्षांच्या अंतराने.

‘टोपोलिनो’ या नावाचाही वाद आहे. टोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर. एक पक्ष म्हणतो, लहान चण आणि कानांसारखे वर आलेले दिवे पाहून लोकांनी हे नाव ठेवलं. दुसरा पक्ष मिकी माऊसकडे बोट दाखवतो, कारण मिकीचं इटालियन नाव हेच. मी दुसऱ्या पक्षाचा. मिकीचं ‘टोपोलिनो’ साप्ताहिक इटलीत १९३२च्या अखेरीस सुरू झालं आणि गाडी आली १९३६मध्ये. पोराबाळांच्या तोंडी नाव आधीच रुळलेलं होतं. दिव्यांचे कान लोकांना दिसले ते मिकी डोळ्यांपुढे होता म्हणूनच. म्हणजे ही इटालियन गाडी अमेरिकन उंदराचं नाव घेऊन कुर्ल्यात आली आणि अमेरिकन डॉजच्या शेजारी उभी राहिली. फियाटने क्रायस्लर पूर्णपणे ताब्यात घेतली ती २०१४मध्ये. कुर्ल्यातल्या एका छपराखाली दोघींच्या गाड्या त्याच्या साठेक वर्षं आधीच नांदल्या होत्या.

यावर आक्षेप येईल, की दांडा इटलीतला आणि कुर्ल्यात नुसती जुळणी. यात वंशाचा संबंध काय? वंश पाहायचा तर इंजिनाचा पाहा. ठीक, तोही पाहू. अबार्थ पुंटोचं इंजिन फियाटच्या १९८५च्या ‘फायर’ घराण्यातलं. त्याच घराण्याचं १.२ लिटरचं इंजिन कुर्ल्यात बनलेल्या फियाट पालिओत होतं. म्हणजे इंजिनाच्या वाटेने गेलं तरी गाठ कुर्ल्याशीच पडते.

शिवाय अबार्थांनी नाव कमावलं ते एक्झॉस्टच्या नळ्यांवर, आणि टर्बोचं चक्र फिरतं एक्झॉस्टमधून निघणाऱ्या वायूवरच. इंजिनाने टाकून दिलेल्या वायूचं सोनं करणं हा या घराण्याचा संस्कारच म्हणायचा.

माणसांचा धागा तर याहून पक्का आहे. कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुप, मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना मेकॅनिकांच्या पिढ्या कुर्ल्याच्याच फियाट डिलाइट आणि प्रीमियर पद्मिनी खोलून शिकल्या. फियाटचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांबद्दलची आस्था मुंबईत त्यांनी जपली. पुंटो खपत नसतानाही तिची टर्बो आवृत्ती इथे आणायचं धाडस कंपनीने केलं ते या आस्थेच्या भरवशावर, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. कुर्ल्याचा कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव उरलं. अबार्थ पुंटोच्या कुळाचं मूळ गाव लिहायचं झालं, तर इटलीतल्या तुरीनच्या शेजारी कुर्ला लिहिलंच पाहिजे.