जुन्नर-आंबेगाव घाटमाथ्यावरील पदभ्रमंतीचा पोशाख

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम सीमेवरून सह्याद्रीची मुख्य रांग जाते. या रांगेवर अनेक दिवस पायी प्रवास करताना अंगावर वापरल्या जाणाऱ्या व पाठपिशवीतून नेल्या जाणाऱ्या कपड्यांच्या संचास पदभ्रमंतीचा पोशाख असे म्हणता येते. हिमालयातील पोशाखात कडाक्याच्या थंडीचा विचार प्रथम केला जातो. या भागात मात्र पाऊस, धुके, घाम आणि दव यांमुळे येणारी ओल हा निर्णायक घटक ठरतो. त्यामुळे कपड्यांची संख्या वाढविण्यापेक्षा किमान एक संच अखेरपर्यंत कोरडा राखणे, हे येथील पोशाखाचे मुख्य सूत्र आहे.

प्रदेश आणि हवामान

नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि भीमाशंकर यांना जोडणारी वाट ही या भागातील परिचित दीर्घ पदभ्रमंती असून तिला साधारणतः तीन ते चार दिवस लागतात. ही वाट बहुतांशी कड्याच्या काठाने जाते. वाटेवर घाटघर, दुर्गवाडी, हातवीज, आहुपे, कोंढवळ यांसारखी गावे असून मुक्काम प्रायः गावातील घरांत, देवळांत किंवा तंबूत केला जातो. मोठी दुकाने वाटेवर नसल्याने विसरलेला किंवा भिजलेला कपडा मध्येच बदलून मिळत नाही.

कोकणातून येणारे बाष्पयुक्त वारे कड्याला अडून वर चढतात. त्यामुळे घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. पूर्वेकडे जुन्नर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात त्याचे प्रमाण झपाट्याने घटून हजार मिलिमीटरच्या बरेच खाली येते. एकाच तालुक्यात एका दिवसाच्या चालीच्या अंतरात एवढा फरक पडत असल्याने, जुन्नर शहरातील हवेवरून घाटघर किंवा आहुपे येथील हवेचा अंदाज बांधता येत नाही. उंचीनुसार तापमानही उतरते. साधारणतः दर १,००० मीटरला ही घट सुमारे ६.५ अंश सेल्सिअस असते. कड्यावरील वाऱ्यामुळे प्रत्यक्ष जाणवणारी थंडी त्याहून अधिक असते.

पारंपरिक पोशाख

घाटमाथ्यावरील महादेव कोळी व इतर शेतकरी समाजांनी, तसेच पूर्वेकडील पठारांवर मेंढ्या राखणाऱ्या धनगर समाजाने या हवामानाशी जुळणारी वस्त्रे पूर्वीपासून वापरली आहेत. त्यांपैकी घोंगडी व इरले ही प्रमुख होत.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाडसर लोकरीपासून हातमागावर विणली जाते. महाराष्ट्रात हा व्यवसाय प्रामुख्याने सनगर समाजाकडे आहे. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्याची खळ दिली जाते. घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून पाठीवर सोडली की पावसाचा पहिला मारा अडतो. तीच रात्री अंथरूण, पांघरूण आणि उघड्यावर बसण्याचे आसन म्हणून उपयोगी पडते. मात्र भिजल्यावर ती फार जड होते आणि लवकर वाळत नाही. म्हणून पाठीवर सर्व सामान वाहणाऱ्या प्रवाशांनी ती बहुधा सोडून दिली आहे.

इरले हे बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले आच्छादन असून आता पानांऐवजी प्लास्टिकचा कागद वापरतात. भातलावणीच्या वेळी वाकून काम करताना ते डोके व पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. आतून हवा खेळती राहत असल्याने इरल्याखाली घामाची ओल साचत नाही. आधुनिक रेनकोटात नेमकी हीच उणीव राहते.

तंतूंचे गुणधर्म

पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट असते. त्यामुळे भिजलेला कपडा अंगाला चिकटला की शरीराची उष्णता वेगाने निघून जाते. कोणता तंतू किती ओल धरतो, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. प्रमाणित स्थितीत, म्हणजे नुसत्या हवेतून, लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, सुती कापड ८.५ टक्के, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के ओल शोषते.

- सुती कापड : घाम शोषते, मऊ असते व स्वस्तात मिळते. भिजल्यावर मात्र ऊब देत नाही आणि दमट हवेत दिवसभरही वाळत नाही. जीन्सचे कापड या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे ठरते. ते भिजल्यावर जड होते, मांड्यांना घासते व गुडघा वाकविताना अडते.
- पॉलिएस्टर व नायलॉन : हलके, टिकाऊ व लवकर वाळणारे. त्यांत दुर्गंधी लवकर धरते आणि ते विस्तवाजवळ वितळतात.
- लोकर : ओल शोषूनही काही प्रमाणात ऊब टिकविते आणि तिला दुर्गंधी कमी येते. वजन व वाळण्याचा काळ मात्र अधिक असतो.
- फ्लीस : पॉलिएस्टरपासून केलेले लोकरीसारखे कापड. हलके व उबदार असले तरी वारा अडवीत नाही, म्हणून त्यावर विंडचीटर लागते.

संचांची रचना

तीन-चार दिवसांच्या भ्रमंतीत रोज नवा पोशाख नेण्याची पद्धत सोयीची नसते. अनुभवी पदभ्रमण करणारे कपड्यांचे दोन स्वतंत्र संच करतात.

चालण्याच्या संचात पूर्ण बाह्यांचा सैल सदरा आणि लवकर वाळणारी पूर्ण लांबीची पँट यांचा समावेश असतो. हा संच भिजणार व मळणार हे गृहीत धरलेले असते. मुक्कामाच्या संचात एक सदरा, एक पायजमा, कोरडे पायमोजे आणि कानटोपी असते. हे कपडे मुक्कामी पोहोचल्याखेरीज वापरावयाचे नसतात. सकाळी चालण्याचा ओला संचच पुन्हा अंगावर चढवावा लागतो. हे नकोसे वाटले तरी चालू लागल्यावर तो शरीराच्या उष्णतेने निवळतो. थंडीच्या कंटाळ्याने मुक्कामाचा संच घालून निघाल्यास संध्याकाळी दोन्ही संच ओले होतात आणि रात्री कोरडे काहीच उरत नाही.

या दोन संचांखेरीज अंतर्वस्त्रांचे दोन-तीन जोड, पायमोजांचे तीन जोड आणि एक पंचा पुरेसा होतो. पातळ सुती पंचा लवकर वाळतो. अंग पुसणे, उन्हात मान झाकणे, धुळीत तोंडावर बांधणे आणि गरज पडल्यास जखमी हात गळ्यात अडकविणे अशा अनेक कामांना तो येतो. मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू व जादा अंतर्वस्त्रे वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवतात. वापरलेले पॅड जंगलात न टाकता बंद पिशवीतून परत आणणे आवश्यक असते.

पाठपिशवीवरील आच्छादन पाऊस पूर्णपणे अडवीत नाही. पाठीच्या बाजूने व पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत झिरपते. म्हणून पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी बसवून त्यात सर्व सामान भरतात आणि मुक्कामाचा संच तिच्या आत आणखी एका पिशवीत बांधतात.

ऋतूनुसार निवड

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : नाणेघाटात कोकणातून वर चढणाऱ्या वाऱ्यामुळे धबधब्याचे पाणी उलटे फेकले जाते. कड्याच्या काठावर पाऊसही आडवा किंवा खालून वर येतो. तेथे छत्री टिकत नाही आणि सैल पॉन्चो वाऱ्याने डोक्यावर उलटतो. जीवधनच्या कातळपायऱ्यांसारख्या जागी पॉन्चोच्या घोळामुळे पाय कोठे पडतो हेही दिसत नाही. त्यामुळे कड्यावर टोपी असलेले व कमरेशी आवळता येणारे जाकीट अधिक सुरक्षित असते. सपाटीवर व दाट झाडीत पॉन्चो सोयीचा असतो. बाष्प बाहेर सोडणारे जलरोधक कापड आतील व बाहेरील हवेच्या दमटपणातील फरकावर चालते. सततच्या धुक्यात हा फरक फारसा उरत नसल्याने महागड्या जाकिटातही घाम साचतो. चढावर जाकिटाची साखळी उघडी ठेवणे व सावकाश चालणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) : दुपारी ऊन तापते, परंतु डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते. रात्री थंड हवा उतारांवरून खाली ओघळून खोऱ्यांत साचते. त्यामुळे नदीकाठचा मुक्काम लगतच्या उंचवट्यापेक्षा अधिक गार असतो आणि तेथे दवही जास्त पडते. फ्लीस किंवा स्वेटर, विंडचीटर आणि कानटोपी एवढी जोड सामान्यतः पुरते. चढाला लागण्यापूर्वी उबदार कपडा काढून ठेवणे महत्त्वाचे असते, अन्यथा तो घामाने भिजून माथ्यावरील वाऱ्यात निरुपयोगी होतो.

उन्हाळा (मार्च ते मे) : या ऋतूत सुती कापडाचा दोष गुण ठरतो. घामाने भिजलेला सैल सुती सदरा हळूहळू वाळताना अंग थंड ठेवतो. फिकट रंग, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी व मानेवर ओला पंचा ही उन्हापासून संरक्षणाची साधी साधने आहेत.

पादत्राणे व पायमोजे

शेवाळलेला कातळ, घसाऱ्याची माती आणि ओढे यांमुळे तळव्याची पकड हा पादत्राणांचा सर्वांत महत्त्वाचा गुण मानला जातो. जलरोधक बूट ओढ्यात वरून भरले की आतले पाणी बाहेर पडू देत नाहीत. म्हणून पावसाळ्यात पाणी निथळणारे बूट अनेकजण पसंत करतात. दीर्घकाळ ओल्या राहिलेल्या पायांची त्वचा मऊ पडून फोड येतात व चालणे अशक्य होऊ शकते. दुपारच्या विश्रांतीत बूट काढून पाय कोरडे करणे आणि रात्रीसाठी राखलेला पायमोजांचा जोड चालताना न वापरणे हे त्यावरील उपाय आहेत. नवे बूट प्रवासापूर्वी काही दिवस वापरून पायाला बसवून घेतात.

वनस्पती व कीटक

पावसाळा सरल्यावर गवताची कुसळे कपड्यांत रुततात. लोकरी किंवा सैल विणीच्या पायमोजांत ती आतपर्यंत शिरून टोचत राहतात. गुळगुळीत व घट्ट विणीच्या पँटला ती कमी चिकटतात आणि पँटचे टोक पायमोजांवर ओढून घेतल्यास त्रास कमी होतो. खाजकुयलीच्या पिकलेल्या शेंगांवरील लव त्वचेला लागल्यास तीव्र खाज सुटते. झाडीतून जाताना पूर्ण बाह्यांचा उपयोग येथे होतो. अशी लव लागलेला कपडा न चोळता काढून वेगळा बांधून ठेवावा लागतो.

शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. गडद रंगाचे व केसाळ पृष्ठभागाचे कपडे, तसेच अत्तराचा वास यांमुळे मधमाश्या चिडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे कड्यांलगत फिकट व गुळगुळीत कपडे वापरणे इष्ट समजले जाते.

निगा

पावसाळ्यात कपडे वाळण्याची अपेक्षा धरता येत नाही. ते घट्ट पिळून, पंच्यात गुंडाळून पुन्हा दाबले असता बरेचसे पाणी निघते. गावातील घरी चुलीच्या उबेला कपडे वाळविताना कृत्रिम धाग्याचे कपडे विस्तवापासून दूर ठेवावे लागतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाठपिशवीवर अडकविलेले कपडे चालता चालता वाळतात.

किल्ल्यांवरील कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी प्रवाशांना पिण्यासाठी लागते. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडूनही घाटमाथ्यावरील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते. म्हणून टाक्यांत किंवा पाणवठ्यावर साबणाने कपडे धुणे टाळले जाते. आवश्यकता असल्यास भांड्यात थोडे पाणी घेऊन, पाणवठ्यापासून दूर, केवळ अंतर्वस्त्रे व पायमोजे धुतले जातात.

धोके आणि मर्यादा

शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास त्यास अल्पतापावस्था म्हणतात. हवेचे तापमान १५ ते २० अंश असतानाही ओले कपडे, जोराचा वारा व थकवा एकत्र आल्यास ती उद्भवू शकते. अनावर थरथर, अडखळते बोलणे, तोल जाणे व निर्णयातील गोंधळ ही तिची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास वाऱ्यापासून आडोशाला नेऊन ओले कपडे काढणे, कोरडे कपडे व पांघरूण घालणे आणि तो शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय देणे हे प्राथमिक उपचार आहेत. राखून ठेवलेल्या कोरड्या संचाचे खरे महत्त्व याच प्रसंगी कळते. मद्य देणे अपायकारक असते.

उष्माघातात याउलट जादा कपडे काढून अंग ओले करणे व वारा घालणे आवश्यक असते. दोन्ही स्थितींत रुग्णास लवकरात लवकर वैद्यकीय मदत मिळवून द्यावी लागते.

चांगला पोशाख असला तरी अतिवृष्टीत प्रवास सुरक्षित होत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात दरड कोसळून १५० पेक्षा अधिक लोक मृत्युमुखी पडले. अतिवृष्टीचा इशारा असताना कड्यांवर व ओढ्यांच्या वाटांवर न जाणे हाच त्यावरील उपाय होय.

हेही पहा

- नाणेघाट
- जीवधन
- भीमाशंकर अभयारण्य
- घोंगडी
- इरले