माळवदाचा हलका वारस

जालना जिल्ह्यातील भोकरदन, जाफराबाद, अंबड या तालुक्यांच्या जुन्या गावांत निजामी अमदानीची जी माळवदी घरे अद्याप तग धरून आहेत, त्यांच्या छपरांपासूनच आपल्याकडील उष्णतारोधक थराची कुळकथा सांगावयास हवी. खाली लाकडी तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्यांचा किलच, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर आणि सर्वांवर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी ती रचना. भेगाळणारी काळी माती येथे निरुपयोगी, म्हणून दरसाल मृगापूर्वी पडक्या वाड्यांची पांढरीच आणून छपरावर नवा हात दिला जाई, आणि वैशाखाचे ऊन त्या फूटभर मातीतून खोलीत उतरेपर्यंत दिवस मावळलेला असे.

परंतु या शीतलतेचे मोल वजनाने चुकवावे लागे. फूटभर पांढरीचा भार दर चौरस मीटरला सुमारे 400 ते 500 किलो भरतो, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडील याच धर्तीची घरे कोसळली, तेव्हा हजारो माणसे त्या भाराखाली व दगडी भिंतींखाली गाडली गेली. लोकांनी स्लॅबचा आश्रय घेतला तो रास्तच. जालन्यात तर स्लॅबाला लागणारी लोखंडी सळई गावातच बनते. मात्र पातळ स्लॅबाने उन्हाळा घरात आणला.

भार न वाढविता उष्णता अडविण्याची युक्ती युरोपात 1920 च्या दशकात सिद्ध झाली. स्वीडनच्या अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी चुन्याच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने वायू उत्पन्न करून, ते बंदिस्त वाफेत पक्व करून सच्छिद्र दगड घडविला. त्याच घराण्यातील ‘सिपोरेक्स’ पुढे पुण्यात शिर्के समूहाच्या कारखान्यामुळे आपल्या गवंड्यांच्या तोंडी बसले. फोम काँक्रीटची रीत याहून सोपी. त्यात वाफेची भट्टी लागत नाही. निराळा फुगविलेला दाट फेस सिमेंटच्या स्लरीत मिसळला, की तो करडा, संथ लगदा ओतताच आपणहून समपातळीत पसरतो, आणि सिमेंट घट्ट होईतो न फुटलेले सूक्ष्म बुडबुडे स्थिर हवा कायमची कोंडून ठेवतात. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरते, हे 500 किलोंचेही करता येते; म्हणजे फरशीखालच्या 10 सेंटिमीटर थराचा भार चौरस मीटरला अवघा 50 किलो.

माळवदाचा हाच योग्य वारस, असे माझे मत आहे. तथापि तो नाजूक व पाणी पिणारा असल्याने वर मजबूत कोबा आणि ओलीचा पक्का बंदोबस्त हवाच. घर बांधणाऱ्याने आणखी एक करावे: ओला माल लिटरच्या मापाने तोलून घ्यावा, 500 किलोंच्या प्रतीचा माल 700 ग्रॅमपेक्षा फार जड भरला, तर फेस विरला असे समजून तो परत पाठवावा.